अमेरिकेचा पाया ख्रिस्ती का? (एक शपथविधी, एक भिंत आणि १,२३५ पौंडांचं चीज)

उंबरठा

राम राम मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या सौ.चा नागरिकत्वाचा शपथविधी झाला. सरकारी सभागृह, खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येकाच्या हातात वीतभर झेंडा. उजवा हात वर करायचा, समोरची बाई एकेक तुकडा म्हणणार आणि मागोमाग सगळ्यांनी म्हणायचं. थेट शाळेतली प्रतिज्ञा आठवली. शेवटचे चार शब्द ‘सो हेल्प मी गॉड’. हे शब्द नको असतील तर गाळता येतात, तशी मुभा आहे. बाहेर आल्यावर विचारलं, तू म्हणालीस का? तर म्हणे, “म्हणाले की. देव कोणता ते त्यांनी विचारलं नाही, मी आपला जोतिबा डोळ्यांसमोर आणला.”

हा किस्सा मी ऑफिसात जेवताना सांगितला. शेजारच्या टेबलावरचा एक सज्जन गृहस्थ हसला आणि शांतपणे म्हणाला, “तुम्ही आलात, आनंद आहे. पण हा देश ख्रिस्ती म्हणून स्थापन झालाय, एवढं लक्षात असू द्या.” आवाजात तिखटपणा अजिबात नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा. तीन आठवडे मिळेल ते वाचत होतो, त्यातून जे हाती लागलं ते मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘स्थापना’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबतो. १६२० ची वसाहत आणि १७८७ ची राज्यघटना. मध्ये दीडशेहून जास्त वर्षं आहेत. शिवराज्याभिषेकापासून पेशवाई बुडेपर्यंतचा काळसुद्धा त्याहून थोडा कमीच भरतो.

१६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ माणसं आली. उतरण्याआधी ४१ पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात सरळ लिहिलंय की हा प्रवास देवाच्या गौरवासाठी आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रसारासाठी आहे. इथे वादच नाही. मागोमाग १६३० मध्ये प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाचे लोक मॅसॅच्युसेट्सला आले. नागरिकत्वाच्या चाचणीत ‘वसाहतवाले अमेरिकेत का आले’ या प्रश्नाचं एक मान्य उत्तर ‘धर्मस्वातंत्र्यासाठी’ असं आहे. सौ.ला मीच घोकून घेतलं होतं. पण ते अर्धंच खरं. ते आले स्वतःच्या धर्मासाठी. दुसऱ्याच्या धर्माला तिथे जागा नव्हती. मेरी डायर नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या बाईला १६६० मध्ये बॉस्टनला फाशी दिलं. गुन्हा काय, तर हद्दपार केलं असताना ती पुन्हा आली आणि आपलं मत सोडेना.

याच मॅसॅच्युसेट्सने रॉजर विल्यम्सला हाकलला. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. हा माणूस मला फार आवडला. नास्तिक वगैरे मुळीच नाही, उलट इतका कट्टर श्रद्धाळू की कुठलंच चर्च त्याला पुरेसं शुद्ध वाटेना. चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये कुंपण हवं, भिंत हवी, असं त्याने १६४४ मध्ये लिहिलं. नीट बघा, भिंत बागेसाठी आहे. रानातली जनावरं आत शिरू नयेत म्हणून.

आता १७७६. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘निर्माता’ आहे, ‘निसर्गाचा ईश्वर’ आहे, ‘दैवी कृपा’ आहे. येशूचं नाव नाही. १७८७ च्या घटनेत तर देवही नाही, आणि सहाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. घटना लिहिताना वाद पेटले तेव्हा म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलं की रोज सकाळी प्रार्थनेने सुरुवात करू. सूचना तशीच बारगळली. तीन-चार जण सोडता कुणाला प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली.

आणि आता चीज. १ जानेवारी १८०२. मॅसॅच्युसेट्सच्या चेशर गावातून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री जॉन लीलंड १,२३५ पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोंची, चीजची एक चकती घेऊन राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच्या दारात हजर झाला. गावातल्या घराघरातून गोळा केलेल्या दुधाचं चीज, दाबायला सफरचंदाचा रस काढायच्या दाबयंत्राचा साचा. विरोधी पक्षवाल्याच्या गाईचं दूध घ्यायचं नाही, असा दंडक होता म्हणे. बोटीतून, गाडीतून कित्येक आठवडे प्रवास. जेफरसन भेटवस्तू घेत नसे, म्हणून त्याने २०० डॉलर दिले. हिशेबाच्या वहीत तशी नोंद आहे.

एका कर्मठ पाद्र्याने जेफरसनला चीज का द्यावं? न्यू इंग्लंडातले बडे पाद्री तर जेफरसनला नास्तिक म्हणत होते. येशूचे चमत्कार त्याला पटत नसत, पुढे म्हातारपणी त्याने बायबलची पानं पात्याने कापून फक्त उपदेशाचा भाग चिकटवला, ती वही आजही जपून ठेवली आहे. उत्तर असं की लीलंडच्या लोकांना सरकारी चर्चचा जाच होत होता. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल पंथाचं चर्च करावर पोसलं जाई. बाप्टिस्टांना त्या करातून सुटायचं तर ‘आम्ही वेगळे’ असा दाखला द्यावा लागे. चीज पोचलं त्याच दिवशी जेफरसनने कनेक्टिकटच्या डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिलं. ‘चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत’ हा शब्दप्रयोग प्रसिद्ध झाला तो या पत्रातून.

म्हणजे भिंत मागणारे श्रद्धावंत होते. ख्रिस्ती श्रद्धेने अमेरिकेच्या स्थापनेत बजावलेली सगळ्यात मोठी भूमिका माझ्या मते हीच: सरकारला सांगणं की बाबा, तू आमच्या देवळात शिरू नकोस.

सौ.साठी एक तुकडा. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये संमत झाला. मसुदा जेफरसनचा. त्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालायची सूचना आली होती, ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. म्हातारपणी आठवणी लिहिताना जेफरसन म्हणतो, यावरून सिद्ध होतं की या कायद्याचं छत्र ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारा, या सगळ्यांवर धरायचं होतं. हिंदू! तिथे तेव्हा औषधाला तरी होता का?

मंडळी काय म्हणतात?

खडूस_कारकून

जोतिबावर +१. धागा शंभरी गाठणार. बसलोय चहा घेऊन.

टेक्सासचा_तात्या

उंबरठाराव, लेख झकास, पण वकिली एकतर्फी झालीय. तुमच्या त्या ऑफिसातल्या गृहस्थाची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

घटनेत देव नाही, खरं. कारण धर्म हा राज्यांचा विषय होता. आणि राज्यांत काय होतं? डेलावेअरच्या १७७६ च्या घटनेत पदाधिकाऱ्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यावर विश्वास जाहीर करायचा. पेनसिल्व्हेनियात बायबलचे जुना आणि नवा हे दोन्ही करार ईश्वरप्रेरित आहेत असं म्हणायचं. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती सांगते की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, धर्म स्थापन करू नये. काँग्रेसने! राज्यांवर ते बंधन सर्वोच्च न्यायालयाने घातलं थेट १९४० च्या दशकात. तुम्ही मॅसॅच्युसेट्सचा कर सांगितलात, पण तो १८३३ पर्यंत चालू होता हे नाही सांगितलंत. म्हणजे घटना आल्यावर चाळीसेक वर्षं चर्चकर सुखेनैव चालला आणि देश कोसळला नाही.

१७८३ ला इंग्लंडशी तह झाला, त्याची सुरुवातच परमपवित्र त्रैक्याच्या नावाने आहे. १७८७ च्याच वायव्य प्रदेशाच्या कायद्यात म्हटलंय की चांगल्या राज्यकारभाराला धर्म, नीती आणि ज्ञान आवश्यक आहे, म्हणून शाळांना उत्तेजन द्या. आणि तुमचा लाडका जेफरसन भिंतीचं पत्र लिहून दोनच दिवसांनी प्रवचन ऐकायला जाऊन बसला. कुठे? खुद्द काँग्रेसच्या सभागृहात! प्रवचनकार कोण? तुमचा चीजवाला लीलंड!

भिंत बांधली म्हणता, मग हिला दार कुठे होतं? :)

उंबरठा

तात्या, दंडवत. १८३३ मी मुद्दाम लपवलं नाही, लेख लांबला म्हणून राहिलं (हे कुणी मान्य करणार नाही, माहितेय).

राज्यांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण उतार कुणीकडे होता ते बघा. डेलावेअरने ती अट १७९२ मध्ये काढली. कनेक्टिकटने सरकारी चर्च १८१८ मध्ये सोडलं. एकाही राज्याने नव्याने चर्च बसवलं नाही. व्हर्जिनियात तर पॅट्रिक हेन्रीने तोडगा आणला होता की कर सगळ्यांनी द्यावा, पण आपल्या पसंतीच्या चर्चला. आपल्याकडे कुणालाही हा तोडगा सोन्यासारखा वाटेल. जेम्स मॅडिसनने १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिलं आणि बाप्टिस्टांनी, प्रेस्बिटेरियनांनी सह्यांचे ढीग पाठवले. पैसे मिळत असताना नको म्हणाले!

का म्हणाले तेही सांगतो. व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन दिलं म्हणून बाप्टिस्ट पाद्र्यांना तुरुंगात टाकत. कल्पेपरच्या कोठडीतून जेम्स आयर्लंड गजांआडून बाहेरच्या लोकांना प्रवचन द्यायचा. १७७४ मध्ये तरुण मॅडिसन मित्राला पत्रात चिडून लिहितो की शेजारच्या परगण्यात पाच-सहा भली माणसं केवळ आपली धर्ममतं सांगितली म्हणून कोठडीत आहेत. घटनेचा बाप ज्याला म्हणतात, त्याच्या डोक्यात हे चित्र होतं.

तहांचंच म्हणाल तर उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेला १७९७ चा तह घ्या. अमेरिकेचं सरकार कुठल्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर स्थापन झालेलं नाही, असं अकराव्या कलमात लिहिलंय. अरबी प्रतीत हे कलम या रूपात नाही हे खरं, पण सिनेटपुढे आली ती इंग्रजी प्रत आणि एकानेही विरोध केला नाही.

टेक्सासचा_तात्या

चाच्यांना खूश करायला केलेला तह! त्या तहावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्सनेच पुढच्या वर्षी लिहिलं की आमची घटना फक्त नीतिमान आणि धार्मिक लोकांसाठी बनली आहे. बोला.

खडूस_कारकून

अॅडम्स आमच्या हेडक्लार्कसारखा दिसतोय. समोर जो येईल त्याच्या फायलीवर सही.

भिंगारवाला

इथे क्वचित लिहितो, पण या धाग्यावर राहवलं नाही. आमचं घराणं नगरचं, चार पिढ्या ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले.

उंबरठा, तुमच्या गोष्टीचं एक टोक आमच्या दारात येतं. हॉल आणि नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, ते त्याच न्यू इंग्लंडातल्या काँग्रिगेशनल परंपरेचे, जिच्या करामुळे तुमचा लीलंड वैतागला होता. म्हणजे मायदेशी यांचं चर्च सरकारी पैशावर. इथे उतरले तर कंपनी सरकार म्हणालं, चालते व्हा! तिकडे इंग्लंड-अमेरिका लढाई जुंपलेली, त्यात कंपनीला धर्मप्रचाराची भीती. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर गव्हर्नरने राहू दिलं. नकोसा धर्म घेऊन परक्या सरकारच्या दारात उभं राहणं काय असतं, ते या मंडळींना मुंबईत कळलं असणार.

आता थोडं घरचं. आमच्या गावच्या चर्चवर पत्रे होते. दर पावसाळ्याआधी आजी ओच्यात वर्गणीची वही धरून घरोघर जायची. पाळकसाहेबांना पगारासोबत पायली-पायली बाजरी जायची. कुणीतरी एकदा सुचवलं की आमदारसाहेबांकडून पत्र्यांचे पैसे घेऊ. आजी म्हणाली, “आज पत्रे देतील, उद्या वेदीवर हार घालून घ्यायला येतील.” पत्रे त्या वर्षीही गळले. लीलंड आणि आजी एकमेकांना लगेच ओळखतील.

तात्या, ‘सुखेनैव चालला’ असं म्हणू नका. ज्याच्याकडून वसूल होतो त्याला विचारा. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खातं. विल्यम्सची भीती तीच होती. राज्य राखण करायला म्हणून येतं आणि पीक फस्त करून जातं.

शपथेबद्दलही एक. अमेरिकेच्या घटनेत पदाधिकाऱ्याने ‘शपथ घ्यावी किंवा प्रतिज्ञेने कबूल करावं’ असे दोन पर्याय आहेत. दुसरा पर्याय नास्तिकांसाठी आला असं आज वाटतं. तो मुख्यतः क्वेकरांसारख्यांसाठी. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, शपथ वाहूच नका. क्वेकर ते अक्षरशः पाळत. म्हणजे देवाचं नाव न घेण्याची सोय देवाची आज्ञा पाळणाऱ्यांमुळे मिळाली. राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचा मजकूर घटनेतच दिलाय, त्यात ‘सो हेल्प मी गॉड’ नाही. ते मागून चिकटलं.

सायली_ओसरीवर

भिंगारवाला, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. आजींना नमस्कार.

आणि आपल्याकडे! ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’. प्रत्येक मंत्रिमंडळाच्या शपथविधीत ऐकतो, पण दृढकथनाचा आजोबा क्वेकर असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आपल्याला ते इंग्रजी कायद्यातून आलं असणार, पण तिथेही भांडण याच लोकांचं.

वाळवंटी_ऊंट

आपल्या घटनासमितीतही हा खेळ झालाय. १७ ऑक्टोबर १९४९. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ‘देवाच्या नावाने’ अशी व्हावी. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. कामतांनी मतदान घ्यायला लावलं, बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोध करणारे सगळे नास्तिक होते असं नव्हे. आपल्या देवाला मतदानाला उभं करायचं कशाला, हीच पुष्कळांची अडचण.

काळी_माती

सगळे भिंतीवर बोलताय, भिंतीबाहेर कोण होतं त्यावर कुणीच नाही.

१७८७ च्या त्याच घटनेत गुलामांची मोजणी तीन पंचमांश माणूस अशी धरली होती. मालक बायबल उघडून म्हणत, दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा. गुलाम तेच बायबल उघडून मोशे आणि मिसर देश वाचत. फिलाडेल्फियात रिचर्ड अॅलन आणि सोबतचे कृष्णवर्णीय प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेले असताना त्यांना ओढून उठवलं, कारण जागा गोऱ्यांची. ते उठले आणि कायमचे बाहेर पडले. अॅलनने १७९४ मध्ये बेथेल चर्च उभं केलं, त्यातून पुढे कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र पंथच निघाला. ज्या शहरात घटना लिहिली त्याच शहरात हे झालं. मला विचाराल तर हीसुद्धा स्थापनाच.

तात्यांसाठी खास: घटनेच्या उद्देशिकेतच सर्वशक्तिमान देवाची कृपा मागायची, हे अमेरिकेत १८६१ मध्ये झालं. कुणी केलं? दक्षिणेच्या फुटीर राज्यांनी, गुलामगिरी टिकवायला लिहिलेल्या घटनेत. गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की ख्रिस्ताचा धर्म आणि या देशातला धर्म यांच्यातलं अंतर मापता येणार नाही एवढं आहे.

सायली_ओसरीवर

अगदी. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. त्यांच्या तरुणपणीच्या वाचनात थॉमस पेन होता. आणि पेन म्हणजे या धाग्यातलं बेस्ट पात्र. १७७६ च्या ‘कॉमन सेन्स’मध्ये राजेशाही का वाईट, तर बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकाचे दाखले देतो. इस्राएल लोकांनी राजा मागितला तो देवाला आवडला नाही वगैरे. वाचक बायबलवाले आहेत हे त्याला पक्कं ठाऊक. पुढे त्याने संघटित ख्रिस्ती धर्मावर पुस्तक लिहून तोफ डागली आणि त्याच अमेरिकेने त्याला वाळीत टाकलं. १८०९ मध्ये गेला तेव्हा अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक.

भिंगारवाला, सिंथिया फरारबाईंची नगरची मुलींची शाळा बघून जोतीरावांना मुलींची शाळा काढायची उमेद आली, हेही तुमच्याच मिशनचं ना?

भिंगारवाला

होय ताई, तेच मिशन. त्या बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, नंतर नगरला, आणि शेवटपर्यंत नगरलाच राहिल्या.

टेक्सासचा_तात्या

काळी_माती, मुद्दा जिव्हारी लागला आणि लागायलाच हवा होता. देवाचं नाव घटनेत असल्याने घटना ख्रिस्ती होत नाही, हे मान्य. मग हेही मान्य करा की नाव नसल्याने ती अख्रिस्ती होत नाही. बंडाआधीच्या पिढीला व्हाइटफील्डसारख्या प्रवचनकारांनी गावोगाव शेतात, मैदानात उभं करून सांगितलं होतं की बिशपाच्या मध्यस्थीशिवाय तू थेट देवासमोर उभा आहेस. हे मनात रुजलेल्या माणसाला राजासमोर ताठ उभं राहणं जड जात नाही. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांत विदरस्पून हा पाद्री होता, आणि मॅडिसन प्रिन्स्टनला शिकला तो याच विदरस्पूनच्या हाताखाली. सुईत दोरा जेफरसनने ओवला असेल, कापूस मात्र चर्चच्या शेतातला.

उंबरठा

कापूस चर्चच्या शेतातला, यावर सही करायला तयार आहे. माझं भांडण ‘म्हणून हे शेत आमचंच’ म्हणणाऱ्यांशी आहे.

आणि यातलं पुष्कळ स्थापनेच्या वेळचं नाहीच. ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ नाण्यावर आलं १८६४ मध्ये, यादवी चालू असताना. देशाचं अधिकृत ब्रीद झालं १९५६ मध्ये. आमची धाकटी रोज शाळेत जी झेंड्याची प्रतिज्ञा म्हणते, त्यात ‘अंडर गॉड’ हे दोन शब्द १९५४ मध्ये घातले, रशियाच्या नास्तिक साम्यवादाला उत्तर म्हणून. गंमत म्हणजे १८९२ मध्ये मूळ प्रतिज्ञा लिहिणारा फ्रान्सिस बेलामी स्वतः बाप्टिस्ट पाद्री होता. त्याने देव घातला नव्हता! लीलंडचा पंथबंधू तो.

ऑफिसातल्या गृहस्थाला काल बेलामीचं सांगितलं. तो स्वतः बाप्टिस्ट निघाला. लीलंडचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. चीजची गोष्ट ऐकून खूप हसला आणि म्हणाला, हे मी रविवारी आमच्या पाद्र्याला सांगतो.

काळी_माती

त्याला चीजचं हेही सांगा. चेशरच्या लोकांनी सोबत पत्र दिलं होतं की हे चीज मुक्त शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बायकामुलींनी राजीखुशीने बनवलं, एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. आणि दिलं कुणाला? ज्याने आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले त्याला. जेफरसनने ते वाचताना कुठे बघितलं असेल?

खडूस_कारकून

एवढा धागा झाला, मुख्य प्रश्न राहिलाच. ते चीज संपलं का?

उंबरठा

वर्षभरानंतरही राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाहुण्यांना कापून देत होते. उरलेलं शेवटी पोटोमॅक नदीत लोटलं असंही सांगतात. सौ. म्हणते, आधीच शेजारीपाजारी वाटून टाकायचं ना.